अक्का, पावडरची वेळ मी विचारलीच नाही

अक्का, परवा तुझा जलदान विधी झाला. नायगावच्या तुझ्या अंगणात मंडप टाकला होता, तरी लोक मावेनात म्हणून निम्मे रस्त्यावर उभे होते. तुझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेली माणसं आता पांढऱ्या केसांची झाली आहेत. त्यातला एक जण माईकवर बोलायला उठला आणि ‘आमच्या बाई’ एवढंच म्हणून खाली बसला. बाकीचे बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट होतीच, की कंपवातानं बाईंना नेलं. मी पुढच्या रांगेत बसून दर वेळी मान हलवत होतो.

ते खरं नाही. कंपवात घेऊनही तू अजून कितीतरी वर्षं जगली असतीस. सरकारी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत मी तीस वर्षं काढली आहेत, मला एवढं कळतं. तू कशानं गेलीस तेही मला कळतं. जे तुला माझ्याआधी माहीत होतं तेच आज तुला सांगायला बसलो आहे, कारण दुसऱ्या कुणापुढं पूर्ण सांगायची हिंमत व्हायला मला आजचा दिवस उजाडावा लागला.

तुझा आजार माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाला आणि मला तो दिसला नाही. माझ्या थोरलीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं टाकायला तूच हवी होतीस. आपल्या घरात दुसऱ्या कुणाच्या अक्षराला तो मान नव्हता. तू नांदेडला आलीस, आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलीस, शाईचं पेन मागून घेतलंस. पहिल्या पत्रिकेवरचं ‘आयुष्मान’ फळ्यावर लिहावं तसं टपोरं होतं. शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत ते मुंगीएवढं झालं. माझ्या बायकोनं दोन पत्रिका शेजारी धरून मला दाखवल्या. मी म्हणालो, दमली असेल. अक्षर असं आकसत जाणं कशाचं लक्षण आहे, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते पुस्तकातल्या कुणातरी माणसाचं होतं, माझ्या अक्काचं नव्हतं.

पुढं वर्षभरानं उजवा हात थरथरायला लागला तेव्हा नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. तुझी लेक सुनंदा लातूरहून आली होती, ती तिथंच रडायला लागली. तू नाही. तू डॉक्टरांना विचारलंस, आधी काय जाणार आणि शेवटी काय जाणार. ते म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं. बाहेर आल्यावर तू मला हळूच म्हणालीस, त्यायलाबी माहीत न्हाई, आपल्यालाच बघावं लागंल. त्याच दिवशी वाटेत एक वही घेतलीस. गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता सुटला, पाय किती वाजता अडले, सगळं तिच्यात लिहायचं ठरवलंस.

त्या पायांचं तू काय केलंस ते मी अजून लोकांना सांगतो. सपाट फरशीवर तुझे पाय चिकटून बसायचे, आणि जिना मात्र तू न अडता चढायचीस. असं कसं, याचा तू आठवडाभर विचार केलास. पुढच्या खेपेला मी आलो तर स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत फरशीवर खडूच्या आडव्या रेघा मारलेल्या होत्या. म्हणालीस, रेघ दिसली की पायाला ती पायरी वाटते, आन तो उचलतो. मी बघत उभा राहिलो आणि तू रेघांवरून चालत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आलीस. निम्मं सांडलं, पण आणलंस. ही युक्ती मोठ्या दवाखान्यांत शिकवतात हे मला नंतर कळलं. तुला ती कुणी शिकवली नव्हती.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू सतरा. पहिली नेमणूक मिळाली तेव्हा तू ट्रंकेबरोबर मलाही घेऊन गेलीस. तुझ्याच वर्गात बसवलंस, आणि सगळ्यांपेक्षा जास्त छड्या मलाच दिल्यास, भावाला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये म्हणून. मी फार्मसीला गेलो तेव्हा सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि तुला इंग्रजी जेमतेम येत होतं. तरी सुटीत आलो की तू मला एकेक पान मोठ्यानं वाचायला लावायचीस आणि म्हणायचीस, आता हेच मला मराठीत सांग. जिथं मी अडखळायचो तिथं तू बोट ठेवायचीस. माझं शिक्षण त्या अडखळण्यावरच झालं. आणि एक वाक्य तू मला इतक्यांदा ऐकवलंस की ते मला आपलंच वाटायला लागलं: कुणी सांगितलं म्हणून खरं धरू नको, आधी पडताळून बघ.

लेव्होडोपाच्या गोळीनं पहिली दोन वर्षं तुला चांगली साथ दिली. दिवसातून चार वेळा, ठरलेल्या घड्याळानं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक पथ्य होतं, की डाळ, दूध, अंडं गोळीसोबत नको, मध्ये तासाभराचं अंतर ठेव. ते तू तंतोतंत पाळलंस. हात सुटायचा, पाय चालायचे. पण तुझं मन बसत चाललं होतं ते कुणी बघितलं नाही. तू टीव्ही लावायचीस आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचीस. झोप उडाली होती. एकदा तपासणीच्या वेळी तू डॉक्टरांना म्हणालीस, कशातच जीव लागत न्हाई. त्यांनी मान वर न करता गोळी वाढवून दिली. तू अजून काही बोलणार होतीस तेवढ्यात मी तुझ्या दंडाला हात लावला आणि म्हणालो, चल अक्का, बाहेर लोक खोळंबलेत. मी त्या खात्यातला माणूस ना. डॉक्टरांचा वेळ मला तुझ्यापेक्षा मोलाचा वाटला.

म्हणून सुनंदानं तुला लातूरला नेलं. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिथल्या एका सरांचं नाव सांगितलं होतं. अमायनो आम्लं देऊन मेंदूतल्या रसायनांचा समतोल साधतात म्हणे. एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. सर आधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, डॉक्टर नव्हते. त्यांचे वडील याच आजारानं बारा वर्षं खाटेवर होते. त्यांनी तुझ्यापुढं तासभर बसून विचारपूस केली. झोप कशी आहे, पोट साफ होतं का, स्वप्नं पडतात का, आणि शेवटी, रडू येतं का. तू तिथं रडलीस. हे तूच मला फोनवर सांगितलंस आणि वर म्हणालीस, “तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मधू.”

त्या ‘कुणी’मध्ये मी होतो. मला राग आला तो तिथूनच. पण मी तो सरांवर काढला.

पुढच्या खेपेला मी तुझ्यासोबत लातूरला आलो, त्यांना उघडं पाडायचं ठरवूनच. त्यांनी तुझ्या लघवीच्या तपासणीचा कागद दाखवला. त्यावर लाल-हिरव्या पट्ट्या होत्या, डोपामिन इतकं, सेरोटोनिन इतकं. मी म्हणालो, लघवीतून मेंदूतलं कसं कळेल? ते चिडले नाहीत. म्हणाले, मलाही सगळं कळलेलं नाही, पण फरक पडलेली माणसं मी बघितली आहेत. गोळीमुळं एक रसायन भरलं जातं आणि बाकीची रिकामी होतात, आम्ही ती भरतो, असा त्यांचा हिशोब. टायरोसिन, ट्रिप्टोफॅनपासून पुढं होणारा एक पदार्थ आणि आणखी पाचसहा गोष्टी मिळून एक पांढरी पावडर, दिवसातून तीनदा पाण्यात ढवळून. मी डबा हातात घेऊन नावं वाचली आणि खाली ठेवला.

परतीच्या एसटीत आपण भांडलो. लातूरपासून लोह्यापर्यंत, दबक्या आवाजात, कारण पुढच्या सीटवर तुझी एक विद्यार्थिनी लेकराला घेऊन बसली होती. मी तुला समजावत होतो की डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत चालल्यात, कच्चा माल ओतून काय होणार. गवंडीच मेल्यावर विटा कशाला आणायच्या?

तू खिडकीबाहेर बघत होतीस. तशीच म्हणालीस, “गवंडी मेले हे मला माहीत हाय. पण जे उरलेत त्यायला जेवू तर घालू दे.”

लोह्याला मी चहाच्या निमित्तानं खाली उतरलो. 

आणि तुला बरं वाटलं. हे मला लिहिलं पाहिजे, कारण मी ते तेव्हा कबूल केलं नाही. महिनाभरात तुला झोप लागायला लागली. तू शेजारच्या कमलबाईंकडे जाऊन बसायला लागलीस. फोनवर तुझा आवाज वर चढला होता. मला म्हणालीस, “मला लई बरं वाटून राहिलंय, मधू. तू एकदा येऊन बघ तरी.” मी आलो नाही. मी म्हणालो, मनाचे खेळ असतात, साखरेच्या गोळीनंही असं होतं. तू म्हणालीस, मनाचाच तर आजार झाला होता मला. हे तू हसत म्हणालीस, आणि मी फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं की अक्काची बुद्धी फिरली आहे. चाळीस वर्षं जिनं मला पडताळून बघायला शिकवलं ती आता पडताळून बघत होती, तर मला ते सहन झालं नाही.

मग दिवाळीनंतर तू सांगायला लागलीस की सकाळची गोळी लागू पडत नाही. आठची गोळी घेतली तर दहा वाजले तरी अंग लाकूडच. दुपारचीही तशीच. तुला वाटलं, गोळी थकली. लातूरच्या सरांना विचारलंस तर ते म्हणाले, समतोल साधताना असा एक टप्पा येतो, डॉक्टरांना विचारून डोस बघा. तू डॉक्टरांना नाही, मला विचारलंस. मी म्हणालो, ती पावडर फेकून दे. तू म्हणालीस, पावडरनं तर मी माणसात आले. दर आठवड्याला हेच चालायचं. तू चारच्या तीन गोळ्या केल्यास, तीनच्या दोन. मी ओरडायचो, तू ऐकून घ्यायचीस आणि बोलणं सुनंदाच्या लेकीकडं वळवायचीस.

त्या दिवशी सोमवार होता. खिडकीबाहेर रांग लागलेली, कॉम्प्युटर बंद पडलेला, आणि तुझा फोन आला. तू म्हणालीस, सकाळच्या गोळीनं आता काहीच होत नाही, उलटी तेवढी होते, काय करू? मागं एक माणूस चिठ्ठी नाचवत होता. मी म्हणालो, “एवढा भरवसा हाय ना तुझा त्या पावडरीवर, मग गोळी बंदच करून बघ. चार दिवसांत कळंल.”

 तू म्हणालीस, “बरं.”

मी फोन ठेवला आणि त्या माणसाची चिठ्ठी घेतली.

ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. ते त्या खिडकीवर मी रोज लोकांना सांगतो. तुला म्हणालो ते टोमणा म्हणून, रागाचं बोलणं म्हणून. कुणीही ओळखलं असतं. तूही ओळखलं असशील, असं मी स्वतःला समजावत होतो. पण याहून वाईट गोष्ट पुढं आहे. ते चार दिवस मी तुला फोन केला नाही. विसरलो नव्हतो. रोज आठवण होती. मी वाट बघत होतो, की तूच फोन करशील आणि म्हणशील, तुझं खरं होतं, मधू. मला तेवढं ऐकायचं होतं.

पाचव्या दिवशी फोन कमलबाईंचा आला. बाई उठंनात, अंग चुलीसारखं तापलंय, हाक मारली तर नुसतं बघतात. मी गाडी घेऊन नायगावला पोचलो तेव्हा तू खाटेवर होतीस. तुझी मान उशीपासून चार बोटं वर होती आणि तशीच राहिली होती. उशी काढली तरी डोकं खाली टेकलं नाही, इतकी तू ताठली होतीस. तुला उचलून गाडीत ठेवताना तुझा गुडघा वाकवता येईना. कमलबाईंनी लुगड्याच्या पदरानं तुझं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, दोन दिवस मी म्हणून राहिले होते भावाला कळवा म्हणून, तर नको म्हणाल्या, त्याला वाटंल मी हरले.

म्हणजे तूही वाट बघत होतीस, अक्का.

नांदेडच्या दवाखान्यात तुला अतिदक्षता विभागात घेतलं. तरुण डॉक्टरनं विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? मी म्हणालो, चार दिवस. कुणी बंद केली? मी म्हणालो, तिनं स्वतःहून. त्यानं केसपेपरवर तसंच लिहिलं. मग त्यानं मला समजावून सांगितलं, मी त्याच क्षेत्रातला आहे म्हणून जरा आदरानं, की गोळी अचानक थांबली तर क्वचित असं होतं, ताप चढतो, स्नायू ताठतात आणि तुटायला लागतात, त्यातून किडनीवर जातं. मी मान हलवली. नळीतून तुला तीच गोळी कुटून द्यायला लागले. तुझे हात दोन दिवसांनी थोडे सैल झाले. पण तोवर किडनी बसली होती, छातीत कफ भरला होता. सुनंदा बाहेरच्या बाकावर नऊ दिवस बसून होती. तिनं मला कितीदा विचारलं, मामा, आईनं गोळी का सोडली असेल? मी म्हणायचो, काय माहीत, त्या पावडरचा परिणाम.

सहाव्या दिवशी सकाळी तू डोळे उघडलेस. मी होतो. ओठ हलले, मी कान नेला. तू विचारलंस, किती वाजले. तुझी चार वर्षं घड्याळावर चालली होती, दुसरं काय विचारणार. मी म्हणालो, साडेअकरा. बारा वाजताची वेळ आहे हे तुला कळलं असावं, तू तोंड थोडं उघडलंस. गोळीसाठी. मी नर्सला हाक मारायला वळलो आणि परत बघितलं तर डोळे मिटलेले होते. त्यानंतर ते उघडले नाहीत.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुनंदानं तुझी वही माझ्याकडे दिली. म्हणाली, मला वाचवत नाही, तुम्हीच बघा. मी चष्मा लावून बसलो, नंतर भिंग घेऊन, कारण शेवटच्या महिन्यांतलं अक्षर डोळ्यांनी लागत नव्हतं. पण तू एकही दिवस चुकवला नव्हतास. आणि त्यात सगळं होतं, अक्का. सकाळी आठ, पावडर. सकाळी आठ, गोळी. एकाच घोटासोबत. दुपारी बारा, दोन्ही. रात्री आठ, दोन्ही. चारच्या गोळीला पावडर नव्हती, आणि फक्त चारच्या गोळीनं तुझा हात वेळेवर सुटत होता. पानापानावर तसंच होतं. चारला गोळी, साडेचारला हात सुटला. चारला गोळी, साडेचारला कमलबाईंकडे गेले.

डाळ आणि दुधाचं पथ्य चिठ्ठीवर होतं, पण त्यामागचं कारण मी तुला सांगितलं नव्हतं. गोळीला रक्तातून मेंदूत शिरायला जे दार आहे, त्याच दारातून अमायनो आम्लंही शिरतात. दोन्ही एकदम आली की दारात गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. डाळीतून ती सावकाश येतात. पावडरमधून एकदम. तू डाळ बाजूला ठेवलीस, आणि पावडर हे औषध म्हणून औषधासोबतच घेतलंस. गोळी थकली नव्हती. तिला आत जायला वाट नव्हती. तासाभराचं अंतर ठेवलं असतं तर कदाचित तुझी झोपही राहिली असती आणि पायही चालले असते. हे लातूरच्या सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी डबा हातात घेतला होता, नावं वाचली होती. पण मी पावडर खोटी ठरवून बसलो होतो, आणि खोटी ठरवलेली गोष्ट माणूस तपासत नाही. इतक्या महिन्यांत मी तुला ‘फेकून दे’ एवढंच म्हणालो. किती वाजता घेतेस, हे एकदाही विचारलं नाही. खिडकीवरच्या अनोळखी माणसाला मी पहिलं तेच विचारतो.

वहीचं शेवटचं लिहिलेलं पान भिंगाखाली धरून मी दोनदा वाचलं. मधू म्हणतो गोळी बंद करून बघ. आजपासून बंद. बघू. त्याच्याखाली दुसऱ्या दिवसाची एक ओळ होती, अंग जड. तिसऱ्या दिवशी नुसती रेघ, डावीकडून निघून मध्येच थांबलेली.

परवा मंडपात लातूरचे सर आले होते. मागं उभे राहिले, तुझ्या फोटोला हात जोडले. आपल्या चुलत भावांना कुणीतरी सांगितलं, हाच तो पावडरवाला. ते उठले. गोतावळा तापला होता, अक्का, दोघांनी त्यांची कॉलर धरलीच. सर मला बघून एवढंच म्हणाले, मी गोळी बंद करा म्हणालो नव्हतो हो. खरं सांगत होते. मी मध्ये पडलो, कॉलर सोडवली, त्यांना गाडीपर्यंत पोचवून आलो. परत आलो तर माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. बहिणीचा जीव गेला तरी माणूस शांत आहे, असं एक म्हातारे म्हणाले. मला वाटलं, तिथंच माईक घ्यावा. घेतला नाही. खुर्चीवर जाऊन बसलो आणि पुन्हा मान हलवायला लागलो.

आज सकाळी मंडपवाला बांबू काढून घेऊन गेला. घरात मी आणि सुनंदा दोघंच उरलो. ती ओट्याशी चहा करत होती. मी तिला बस म्हणालो आणि सगळं सांगितलं. फोनवर काय बोललो, चार दिवस का गप्प बसलो, केसपेपरवर ‘स्वतःहून’ हा शब्द कुठून आला. पावडरच्या वेळेचंही सांगितलं. वही पुढं ठेवली. तिनं उठून गॅस बंद केला. आधी म्हणाली, लातूरला मीच नेलं होतं तिला. मग वही उचलली, खिडकीच्या उजेडात नेली आणि ते पान डोळ्यांजवळ धरून उभी राहिली. मला पाठमोरी होती, त्यामुळं तिचा चेहरा दिसत नव्हता. मी वाट बघत होतो, की ती मला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं.

वही मिटून ती म्हणाली, “मामा, आईनं तुमचं कधी ऐकलं होतं का? तिला करायचं तेच तिनं केलं.”

तुझीच लेक ती. मला सोडवत होती. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि मनात सगळं चाळून बघितलं. बदली करून नांदेडला ये म्हणालो होतो, तू आली नाहीस. दाजी गेल्यावर एकटी राहू नको म्हणालो, तू नायगाव सोडलं नाहीस. निवृत्तीनंतर शिकवण्या बंद कर म्हणालो, तर तू अंगणात आणखी एक फळा टांगलास. लातूरला जाऊ नको म्हणालो, गेलीस. पावडर फेक म्हणालो, ठेवलीस. सुनंदाचं काही चुकत नाही, अक्का. जन्मभरात तू माझं ऐकलंस ते एकदाच.